सतरा मीटर

२०२२ साली ३१ ऑगस्टला गणपती बसले आणि १२ सप्टेंबरला माझ्या धाकट्याचे डोळे पिवळे दिसले. तो तेव्हा पहिलीत होता. आदले दोन दिवस त्याने जेवणाला हात लावला नव्हता, पण सणात मोदक-करंज्या चरलेलं पोर जेवत नाही हे कोण मनावर घेतं? सासूबाईंनी त्याला खळ्यात उजेडाला नेलं, पापणी खाली ओढली आणि म्हणाल्या, "अगो, ह्येला कावीळ झालीय."

वाडीत निदान लगेच झालं. चाकरमान्यांनी मुंबईहून आणलेली मिठाई, नाहीतर बाजारातलं सरबत. कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ताही दोघींनी दिला. मी पोराला रिक्षात घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासलं, रक्त घेतलं, आणि मी मिठाईचं सांगितल्यावर पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "ही ए प्रकारची कावीळ दिसतेय. विषाणू पोटात गेल्यावर लक्षणं यायला पंधरा ते पन्नास दिवस लागतात, साधारण महिनाभर धरा. गणपतीला बाराच दिवस झालेत. ऑगस्टच्या मध्यावर हा काय पीत होता ते आठवा."

ऑगस्टच्या मध्यावर तो शाळेतलं पाणी पीत होता. घरी आमची स्वतःची बाव, म्हणजे विहीर, आहे आणि पावसाळ्यात सासूबाई पाणी उकळल्याशिवाय पिऊ देत नाहीत. शाळेत मात्र नळ. नळ नवा, जल जीवन मिशनमधून आलेला, पण पाणी वाडीच्या त्याच जुन्या सार्वजनिक बावेचं. पंप लावून टाकीत चढवायचं आणि टाकीतून नळाला, एवढाच फरक.

शाळा व्यवस्थापन समितीची मी सदस्य होते. कशी झाले त्यात कर्तबगारी काही नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात, आणि निवडीच्या दिवशी सभेला आम्ही तीनच बायका होतो. तोवर माझं काम सह्या करायचं. पोर बरं होऊन शाळेत जायला लागलं तेव्हा पहिल्यांदा मी मुख्याध्यापिका बाईंकडे हजेरी बघायला मागितली. शाळेचा पट एकतीस. बाईंची सवय अशी की गैरहजेरीच्या खुणेखाली पेन्सिलीने बारीक कारण लिहायचं: ताप, जुलाब, शेतावर, मामाकडे. कुणी सांगितलेलं नाही, त्यांचं त्यांनीच सुरू केलेलं. सप्टेंबरात तीन मुलांपुढे 'कावीळ' होतं. तिघं तीन वेगवेगळ्या घरांतली.

मी तो महिना मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि आशाताईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "बाटली लावू."

बाटली म्हणजे पाणी तपासायच्या पेटीत येते ती. गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं असं मिशनमध्ये आहे. आमच्या गावातही पाच जणींची नावं कागदावर होती. त्यातली एक लग्न होऊन गेली होती, दुसरी मुंबईला, आणि पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटात. शिपाई किल्ली घेऊन यायला दोन दिवस गेले. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, बोट आत लागू द्यायचं नाही, बूच लावायचं आणि उबेला ठेवायची. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं झालं तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. आम्ही ती शाळेच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी खिचडीच्या सुट्टीत ती शाईसारखी काळी होती. सगळी मुलं खिडकीत गोळा. सातवीतल्या एकाने विचारलं, "बाई, हे आपण प्यायलो?" बाईंनी त्याला उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून घरून उकळलेलं पाणी आणायची सक्ती केली.

साहजिकच पहिला राग आला तो जलसुरक्षकावर. बावेत टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची पावडर, टाकायचं काम त्याचं. मी भांडायच्या तयारीनेच गेले आणि गप्प होऊन परत आले. त्याच्याकडे चार वाड्यांच्या सात बावी, मानधन सांगायची लाज वाटावी इतकं. पावडरीची मोठी गोण ग्रामपंचायतीच्या पडवीत, तोंड उघडं. कोकणातला जुलै-ऑगस्ट. मीठसुद्धा बरणीत पाणी होऊन बसतं तिथे त्या पावडरीतला क्लोरीन कुठला टिकायला! ओटीचं, म्हणजे क्लोरीन असला तर पाणी पिवळं करणारं, औषध घालून पाहिलं तर शाळेच्या नळाचं पाणी जराही पिवळं झालं नाही. वर तो बारा महिने एकच वाटी टाकायचा. बाईंनी सातवीच्या मुलांना हेच गणित घातलं. बावेचा व्यास तीन मीटर. मे महिन्यात पाणी दोन मीटर असतं तेव्हा ते साधारण चौदा हजार लिटर भरतं. ऑगस्टात आठ मीटर चढतं तेव्हा छप्पन्न हजारांच्या वर. पावडर चांगली असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे मेमध्ये पस्तीस ग्रॅम आणि ऑगस्टात एकशे चाळीस, गढूळ असेल तर त्याहून जास्त. वाटी तीच. जलसुरक्षक मुलांच्या मागे उभा राहून फळा बघत होता. म्हणाला, "हे मला कोणी सांगितलंच नाही हो."

प्रयोगशाळेत नमुना पाठवायची एक वेगळीच कथा आहे, ती थोडक्यात सांगते. पहिल्यांदा मी बिसलेरीच्या धुतलेल्या बाटलीतून पाणी नेलं, ते घेतलं नाही आणि ते बरोबरच होतं. निर्जंतुक केलेली बाटली आरोग्य केंद्रातून घ्यायची, बर्फाच्या डब्यात ठेवायची, चोवीस तासांच्या आत पोचवायची. एसटीच्या पहिल्या गाडीने मांडीवर डबा घेऊन गेले. कंडक्टरने विचारलं, मासे काय? अहवाल आला: ई. कोलाय आढळले. पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे शंभर मिलिलिटरमध्ये तो एकही असता कामा नये.

आता प्रश्न होता, येतो कुठून. उतारावर बावेच्या वरच्या अंगाला शाळेचं शौचालय आहे. २०१५ साली, प्रत्येक शाळेत मुलींसाठी वेगळं शौचालय हवं या मोहिमेत बांधलेलं. ते नको असं मी चुकूनही म्हणणार नाही. त्याआधी सहावी-सातवीच्या मुली दिवसभर पाणी न पिता बसायच्या, हे मी त्याच शाळेत शिकताना स्वतः केलेलं आहे. पण त्याचा शोषखड्डा बावेपासून किती लांब? आम्ही दोर घेऊन मोजलं. सतरा मीटर.

इथेच सगळं अडलं, कारण नियम पंधरा मीटरचा. म्हणजे कागदावर सगळंच बरोबर. पंचायत समितीत मी ज्या दिवशी गेले तो दिवस मला नीट आठवतो, कारण एकाच व्हरांड्यात मी तीन टेबलं फिरले आणि तिघंही नियमाने बोलत होते. शिक्षणवाले म्हणाले, शौचालय निकषात आहे, अंतर बघा. पाणीपुरवठावाले म्हणाले, बाव ग्रामपंचायतीची, आम्ही नळ दिला, पुढची देखभाल गावाची. आरोग्यवाले म्हणाले, निर्जंतुकीकरण ग्रामपंचायतीने करायचं, आम्ही नमुने घेतो. कुणी उर्मट नव्हतं. एकाने तर चहा पाजला. पण तिन्ही टेबलांवरच्या तिन्ही फायली निर्दोष होत्या आणि माझं पोर महिनाभर अंथरुणात होतं.

गावात परत आल्यावर निळीचा प्रयोग झाला. हा आमच्या शेजारच्या अण्णांचा शोध. संडासात निळीच्या चार पुड्या ओतू, बावेत निळं आलं तर तुझं खरं. अर्धी वाडी कठड्यावर वाकून दोन दिवस बघत होती. काही आलं नाही. अण्णा खूष, आणि मी आठवडाभर 'निळीवाली वैनी'. मला तेव्हा माहीत नव्हतं की निळीचे कण पाण्यात विरघळतच नाहीत, मातीत अडकून बसतात. विषाणू त्या कणांपेक्षा कितीतरी बारीक असतो.

ते समजावून सांगितलं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतल्या एका भूवैज्ञानिकाने. पाणी योजनेच्या दुसऱ्या कामासाठी ते आमच्या बाजूला आले होते, सरपंचांनी त्यांना शाळेत आणलं. त्यांनी बावेच्या आतल्या भिंतीकडे बोट दाखवलं. वर जांभा, खाली पांढुरकी चिकण माती. जांभा म्हणजे मधाच्या पोळ्यासारखा, भोकाभोकांचा. पावसाचं पाणी त्यातून सरळ खाली जातं, चिकण मातीवर अडतं आणि मग उताराच्या दिशेने आडवं धावतं. बावेला झरा लागतो तोही त्याच सांध्यात. शोषखड्डाही त्याच जांभ्यात आणि उताराच्या वर. देशावरच्या मातीत पंधरा मीटरमध्ये पाणी गाळून निघत असेल. इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि खाली चाळणी. "अंतर फक्त मोजून चालत नाही," ते म्हणाले, "कुणाच्या डोक्यावर कोण आहे ते बघायचं." सासूबाईंची तक्रार होती की ह्याच बावचं पानी पिऊन आमी म्हातारी झालो. तिचंही उत्तर त्यात होतं. त्यांच्या वेळी वर काहीच नव्हतं. सगळं गाव शौचाला सड्यावर जायचं.

नोव्हेंबरात शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. कल्पना आशाताईंची. त्या म्हणाल्या, माणसं नुसती बोलवायची नाहीत, ज्याने त्याने आपापलं रजिस्टर घेऊन यायचं. मुख्याध्यापिका बाई हजेरी घेऊन आल्या, आशाताई त्यांची डायरी, जलसुरक्षक टीसीएलची वही, आरोग्य सेवक नमुन्यांचे अहवाल. ग्रामसेवक उशिरा आले आणि थांबले मात्र शेवटपर्यंत. आम्ही दोन बाक जोडले आणि सगळं शेजारी शेजारी उघडलं.

पावसाचे आकडे कोणाकडेच नव्हते. पण हजेरीत होते. अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी दिली की बाई तांबड्या शाईने ओळ मारतात. जुलैत अशी एक ओळ, ऑगस्टात दुसरी. बोट ठेवून पुढे सरकलं की प्रत्येक तांबड्या ओळीनंतर दोन-तीन दिवसांनी 'जुलाब', 'पोटात दुखतंय', 'जुलाब'. आशाताईंच्या डायरीत त्याच दिवशी ओआरएसच्या पुड्या दिलेल्या, त्याच घरांत. ऑगस्टातल्या ओळीपासून महिनाभर पुढे गेलं की तीन 'कावीळ'. आणि टीसीएलच्या वहीत? दर सोमवारी, न चुकता, 'टाकले'. जलसुरक्षकाने स्वतःच मान हलवली. म्हणाला, पावसाच्या दिवशी मी पलीकडच्या वाडीतून येऊच शकत नाही, पऱ्याला (ओढ्याला) पाणी असतं, पुढच्या खेपेला दोन्ही सह्या करतो. हे त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं, आणि त्यासाठी त्याला कुणी बोललं नाही, याचं श्रेय मी ग्रामसेवकांना देते. त्यांनी नुसतं विचारलं, मग शाळेच्या बावेला पावडर टाकायला इथलंच कोण मिळेल?

सगळ्यात शेवटी अंगणवाडीच्या बाईंनी आपली वही उघडली. खरं तर त्यांना आम्ही बोलावलंच नव्हतं. अंगणवाडी शाळेच्याच आवारात, पाणी त्याच नळाचं, पण खातं वेगळं, म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्या भिंतीपलीकडून आवाज ऐकून आल्या. त्यांच्याकडे कावीळ एकही नव्हती. आरोग्य सेवक म्हणाले, सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांत ही कावीळ दिसतच नाही, डोळे पिवळे होत नाहीत, पोर नुसतं किरकिरतं आणि दुसऱ्यांना देतं. पण बाईंची वही वजनांची. दर महिन्याला काट्यावर घातलेलं वजन. जूनपर्यंत रेघ चढती, जुलै-ऑगस्टात सपाट, दोघांची तर खाली. आम्ही कोणीच काही बोललो नाही. बाई म्हणाल्या, "मला वाटायचं पावसात पोरं खात नाहीत म्हणून."

पुढची पायरी ठराव. गावात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते हे मला तोवर माहीत होतं, पण ती होते ती रजिस्टरात. या वेळी आम्ही ती खरीच भरवली, २५ जानेवारीला, हळदीकुंकवाला जोडून. वाण म्हणून टीसीएलची पुडी द्यावी असं एकीने सुचवलं होतं; हसून सोडून दिलं. तिथे मी एकच गोष्ट सांगितली, डॉक्टरबाईंकडून समजून घेतलेली. मी पंचावन्न किलोची, दिवसाला अडीच लिटर पाणी पिते. माझं पोर सोळा किलोचं, सव्वा लिटर पितं. म्हणजे किलोमागे मी पंचेचाळीस मिलिलिटर, तो जवळजवळ अठ्ठ्याहत्तर. तेच पाणी, पण त्याच्या अंगाला लागणारं विष माझ्या पावणेदोनपट. बायकांना हे लगेच कळलं. औषधाचा डोस किलोवर देतात हे प्रत्येक आईला ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशीची ग्रामसभा इतकी गोड नव्हती. उतारावर वरच्या अंगाला दोन खोल्यांचं होमस्टे झालंय, त्याचाही खड्डा जांभ्यातच. मालक म्हणाले, गावाची बदनामी होतेय, मे महिन्याचे पाहुणे फिरकणार नाहीत. दुसरे एक म्हणाले, गावाला लाल कार्ड मिळेल. ही भीती खोटी नाही. पाण्याच्या स्वच्छता सर्वेक्षणात ग्रामपंचायतींना जोखमीप्रमाणे हिरवं, पिवळं, लाल कार्ड मिळतं, आणि आमचं हिरवं होतं. मला मात्र वाटतं की कार्डाची अब्रू वाचवण्याच्या नादात खरा आजार वहीत येत नाही. मी हे बोलले तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, तुझं पोर बरं झालं ना आता? झालं. मी खाली बसले. सरपंचांनी वाद मिटवला तो पैशाच्या बाजूने: पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला साठ टक्के भाग बंधित असतो, निम्मा पाण्यावर, निम्मा स्वच्छतेवर, दुसरीकडे वळवताच येत नाही. मग इथेच का नको? हात वर झाले.

ठराव असा झाला. शाळेचा शोषखड्डा बुजवून बावेच्या खालच्या अंगाला पक्क्या तळाची टाकी बांधायची. पावडर पाच-पाच किलोच्या बंद डब्यात घ्यायची आणि पावसाळ्यात ती टाकायचं काम वाडीतल्याच बचतगटाने करायचं. शाळेने आजारपणाची गैरहजेरी दर शनिवारी आशाताईंना कळवायची. आणि यापुढे वाडीत कुठलाही खड्डा खणायचा तर आधी उतार आणि बाव बघायची, नुसतं अंतर नाही. या शेवटच्या ओळीसाठी ग्रामसेवकांनी चार वेळा शब्द बदलले. मीटरचा आकडा घालायचा की नाही यावर अर्धा तास गेला. शेवटी 'उताराच्या वरील बाजूस नको' एवढंच राहिलं, आणि मला तेच बरं वाटतं.

अंदाजपत्रक मार्चमध्ये झालं, अभियंता एप्रिलमध्ये आला, गवंडी मेमध्ये आंबे उतरवायला गेला. टाकी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस दारात असताना पुरी झाली. २०२३ च्या जुलैत पहिली बाटली पुन्हा काळी. मी हबकले. भूवैज्ञानिक फोनवर म्हणाले, जुना खड्डा वर्षानुवर्षं जांभ्यात मुरलाय, एका पावसाने धुऊन जाणार नाही, आणि होमस्टेचा खड्डा तिथेच आहे. पावडर वेळेवर पडत होती म्हणून नळाचं पाणी ओटीला पिवळं येत होतं. बावेची बाटली काळी, नळाची स्वच्छ. मुलांना त्या वर्षी आम्ही नळाचं पाणी दिलं, तरी मी डब्याबरोबर उकळलेली बाटली देणं थांबवलं नाही. २०२४ मध्ये बावेची बाटली ऑगस्टात एकदाच काळी आली. हजेरीत जुलाब होते, कमी होते. कावीळ नव्हती. एवढ्यावरून काही सिद्ध होतं असं मी म्हणत नाही, पट एकतीसचाच आहे.

होमस्टेच्या मालकांचं आणि माझं बोलणं शिमग्याला पालखी त्यांच्या दारात आली तेव्हा पुन्हा सुरू झालं. खड्ड्यावर नाही, नारळांवर.

राहिली अंगणवाडी. तिचं स्वतःचं छोटं शौचालय आहे, मागच्या बाजूला, आणि आम्ही शाळेचा खड्डा हलवताना त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही, कारण ते वेगळ्या खात्याचं, वेगळ्या अंदाजपत्रकातलं. गेल्या महिन्यात अंगणवाडीच्या बाई, आशाताई आणि मी दोर घेऊन गेलो. बावेपासून एकवीस मीटर. वरच्या अंगाला. अर्ज बालविकास प्रकल्प कार्यालयात दिला, सोबत तीन वर्षांच्या वजनांच्या वहीची झेरॉक्स जोडली. कारकुनाने अंतराचा आकडा वाचला आणि विचारलं, "मग अडचण काय आहे?" मी खिशातून जांभ्याचा तुकडा काढला आणि त्यांच्या टेबलावरच्या पेल्यातलं पाणी त्यावर ओतलं. त्यांनी आधी फायली उचलल्या, मग पोच दिली.